माय अजून कुजायची आहे

पप्पांना पुरून सहा वर्षं झाली होती आणि त्यांची मिशी जशीच्या तशी होती.

मिशीच काय, सगळे पप्पाच जसेच्या तसे होते. रंग तेवढा बदलला होता. अंग जुन्या चपलेच्या चामड्यासारखं तपकिरी झालं होतं आणि पांढरे केस लालसर, जणू वर गेल्यावर ते आधी सलूनमध्ये शिरले असावेत. अंगात लग्नाचा सूट होता. तो त्यांना लग्नातही घट्ट झाला होता. आता जरा बरा बसला होता.

जाकी अंकल खड्ड्याच्या काठावर उकिडवे बसले होते. आमच्या चर्चची दफनभूमी तेच सांभाळतात. एका हातात हाडं गुंडाळायला आणलेलं पांढरं कापड, दुसऱ्या हातात हाडं धुवायला आणलेली दारूची बाटली. त्यांनी पप्पांकडे पाहिलं, मग कापडाकडे, मग बाटलीकडे, आणि बाटली तोंडाला लावली.

"बस्त्याव," ते म्हणाले, "तुझो बापूस बरो आसा."

"हो," मी म्हणालो. दुसरं काय म्हणणार?

आमचं दांडेखोल गाव सावंतवाडीच्या पुढे, घाटाच्या पायथ्याशी. चर्च टेकडीवर, आणि टेकडी म्हणजे नुसता जांभा दगड. पूर्वजांनी पिकावांनी फोडून थडग्यांचे खड्डे काढले, घराला एक. नवा खड्डा काढायचा तर सुरुंग लागेल, आणि सुरुंगाने जुने उठून बसतील. म्हणून एकाच खड्ड्यात आळीपाळीने जायचं. घरात कुणाचं आता काही खरं नाही असं दिसलं, की आधीच खड्डा उघडायचा, जुन्याची हाडं दारूने धुवायची, कापडात बांधून नव्याच्या उशाला ठेवायची. नवराबायकोच्या बाबतीत तर हे गाठोडं म्हणजे मोठाच मान. बायका त्यासाठी वर्षानुवर्षं वाट पाहतात.

माझ्या मायला शहरातल्या डॉक्टरांनी "आता घरीच ठेवा" असं सांगून परत पाठवलं होतं. म्हणून आम्ही पप्पांना उघडलं होतं.

आम्ही त्यांना परत झाकलं. दुसरा इलाज नव्हता.

आता हे का झालं ते सांगतो. मला ते कळतं, कारण माझी नोकरीच ती आहे.

टेकडीच्या खाली काळबुडी नावाची दलदल आहे. तिथली माती काळी, तेलकट आणि हलकी. शास्त्रज्ञ तिला पीट म्हणतात. पीट म्हणजे कोळसा व्हायला निघालेला आणि वाटेत बसकण मारलेला पाचोळा. एरवी जंगलात पान पडलं की बुरशी आणि जंतू ते खाऊन टाकतात आणि पानातला कार्बन वायू होऊन परत हवेत जातो. काळबुडीत बारा महिने पाणी साचलेलं असायचं. पाण्याखाली प्राणवायू नाही. म्हणजे जंतूंना जेवायला बसवलंय खरं, पण नाक दाबून. ते थोडं खातात, मिथेनचे चार बुडबुडे सोडतात आणि गप्प बसतात. बाकीचं पान तसंच राहतं. त्यावर दुसरं, त्यावर तिसरं. असा पाच हजार वर्षांचा पाचोळा तिथे माडाच्या उंचीएवढा साठला होता.

डॉक्टर हेमांगी परुळेकर, म्हणजे आमच्या मॅडम, हे कुलपाच्या भाषेत सांगायच्या. कुजवणाऱ्या विकरांमध्ये, म्हणजे एन्झाइम्समध्ये, एक म्होरक्या असतो. त्याला काम करायला प्राणवायू लागतो. मातीतली फिनॉल नावाची कडवट द्रव्यं तोडणं हे त्याचं काम. फिनॉलं आहेत तोवर बाकीच्या विकरांचे हात बांधलेले. पाणी वर असलं की म्होरक्या झोपलेला, फिनॉलं शाबूत, कुलूप बंद. पाणी हातभर जरी खाली उतरलं तरी हवा शिरते, म्होरक्या उठतो, फिनॉलं तोडतो, आणि मग सगळी पंगत जेवायला बसते. पाच हजार वर्षांचा साठा काही वर्षांत हवेत. आणि नंतर घाईघाईने पाणी परत आणलं तरी बसलेली पंगत लगेच उठत नाही.

मग डोंगरापलीकडे नवनगर उभं राहिलं. त्याला विमानतळ होता, काचेच्या इमारती होत्या, फक्त पाणी नव्हतं. आमच्या काळबुडीत नुसतंच पाणी होतं. ते काढून घ्यावं तर कार्बन सुटणार, आणि तोवर जगाने कार्बन सोडणाऱ्यांचे कान पिळायला सुरुवात केली होती. तेव्हा हेमांगी मॅडमनी 'अडसर' तयार केला. मातीतलाच एक जंतू. प्रयोगशाळेत त्याला अशी सवय लावली, की त्याने सतत फिनॉलं बनवत राहावं, पाणी असो वा नसो. म्हणजे दाराला आतून अडसर लावला आणि मग बाहेरचा पहारेकरी काढून घेतला.

काळबुडीत अडसर सोडला, चर खणून पाणी नेलं, आणि दलदल सुकली तरी कुजली नाही. नवनगरला पाणी मिळालं, 'हरितकोश' कंपनीला जमिनीत जपलेला कार्बन विकायला मिळाला, मला नोकरी मिळाली. काळबुडीत नळ्या रोवलेल्या आहेत. त्यात पट्टी सोडून पाणी किती खाली आहे ते मी बघतो. मातीवर पेट्या उपड्या ठेवून वायू निघतो का तेही बघतो. निघत नसे. सगळे खूश होते.

अडसर वाऱ्याने उडत नाही, वाहत्या पाण्यात जगत नाही, चाकाला चिकटून जात नाही, हे सगळं तपासलं होतं. तपासायची राहिली ती टोपली.

टेकडीवर माती नाही ना. खड्डा बुजवायचा कशाने? पूर्वापार आमच्याकडे माणूस गेलं की प्रत्येक घरातून एक टोपली काळबुडीची माती वर जाते. मयताला रिकाम्या हाताने जात नाहीत. उरलेली माती पोफळीच्या बागेला, भाजीला, फुलझाडांना. हे कुठल्याच अहवालात नव्हतं, कारण दलदल टोपलीत घालून टेकडीवर नेणारी माणसं असतात हे शास्त्रज्ञाच्या मनात कसं यावं? आणि आम्हालाही कुणी विचारलं नाही. विचारलं असतं तर सांगितलं असतं.

त्यामुळे दांडेखोलमध्ये कुजणं बंद झालं. आधी गंमत वाटली. भोपळा परड्यात महिनाभर तसाच राहिला. मग शेणाचं खत होईना. शेण नुसतं वाळून गोवरीसारखं पडून राहायचं. पाचोळा घोट्यापर्यंत आला, मग गुडघ्यापर्यंत. कुजलं नाही तर पुन्हा उगवायला जमिनीत काही राहत नाही. पोफळी पिवळ्या पडल्या, नारळ लिंबाएवढे झाले, आणि जी तरुण मंडळी जायची राहिली होती ती गेली.

पप्पा त्याच सुमाराला वारले. सगळ्यांनी मोठ्या प्रेमाने काळ्या मातीच्या टोपल्या आणल्या होत्या.

घरी आलो तेव्हा माय खाटेवर उशीला टेकून बसली होती. खिडकीतून तिला तिचा खताचा खड्डा दिसतो. आयुष्यभर तिने त्या खड्ड्यावर जीव टाकला. गावातला सगळ्यात चांगला वाल आणि भेंडी तिचीच.

"धुतलंव काय रे हाडां?"

"माय, हाडं नाहीत."

"म्हणजे? कोण घेवन गेलो?"

"कोणी नाही नेली. ती आहेत. पण आत आहेत. पप्पांच्या आत."

तिने खिडकीतून खताच्या खड्ड्याकडे पाहिलं. मग म्हणाली, "सूट?"

"तोपण आहे."

"चांगल्या कापडाचो व्हतो," ती म्हणाली आणि भिंतीकडे तोंड फिरवलं. मला वाटलं झोपली. पण थोड्या वेळाने तिकडूनच आवाज आला. "बस्त्याव, माका कुसूचा आसा."

"काय?"

"कुसूचा आसा रे माका! तुका समाजणा नाय? आयुष्यभर मी शेण, पातेरो, माशाची खवलां, सगळ्याची माती केलंय. आता माझी माती जावची नाय? मी काय थंय लोणच्यासारख्या पडान रवतलंय?"

"दहन करू. चर्चला आता चालतं."

"जन्मभर चुलीत फुंकलंय, आता मीच चुलीत जाव? आणि तो एकटोच थंय रवात?" ती माझ्याकडे वळली. "माका त्येच्याबरोबर माती जावची आसा. दुसरा काय मागतंय मी तुझ्याकडे?"

खरंच तिने माझ्याकडे कधी काही मागितलं नव्हतं. हे पहिलं आणि हे शेवटचं. आणि ते काय, तर कुजणं.

रविवारी मिस्सा झाल्यावर हरितकोशचे निनाद शेवडे घरी आले. पांढरे बूट, नम्र आवाज. खड्डा उघडल्याचं त्यांना कळलं होतं.

"मी सांत्वनाला आलोय," ते म्हणाले.

"अजून ती जिवंत आहे," मी म्हणालो.

"वडिलांच्या." त्यांनी जागा बघून बूट पुसले. "गेल्या महिन्यात आम्ही दफनभूमीची पाहणी केली. आपले वडील आता नोंदणीकृत साठा आहेत. साधारण सोळा किलो कार्बन. स्थिर साठा. तेव्हा त्यांना हलवणं, जाळणं किंवा, माफ करा, कुजवणं, हे सगळं नियमाबाहेर जातं."

माय आतून ऐकत होती. "नव्वद किलोचो माणूस," ती ओरडली, "त्येंतु सोळाच किलो कामाचे? माका वाटला, त्याहून कमी असतीत."

शेवडे हसले नाहीत. अशी माणसं कधी हसत नाहीत, त्यांच्या जागी दुसरे हसतात. जाताना त्यांनी पप्पांच्या नावाचं एक प्रमाणपत्र मला दिलं. त्यावर एक हिरवं पान छापलेलं होतं. पप्पांना शाळेतसुद्धा कधी प्रमाणपत्र मिळालं नव्हतं. मी ते भिंतीवर लावलं.

हेमांगी मॅडमची प्रयोगशाळा म्हणजे काळबुडीच्या काठावरची पत्र्याची शेड. मी गेलो तेव्हा त्या खोक्यात सामान भरत होत्या. कंपनीने त्यांना दुसरीकडे पाठवलं होतं. दांडेखोलच्या भोपळ्याचे फोटो त्यांनी कुठल्याशा परिषदेत दाखवले, ते वर आवडलं नव्हतं. मी पप्पांचं सांगितलं. त्या स्टुलावर बसल्या आणि त्यांनी दोन्ही हातांनी चेहरा झाकला. मग उठून फ्रीजमधून एक छोटी बाटली काढली. आत ताकासारखं काहीतरी होतं.

"ही किल्ली," त्या म्हणाल्या. "एक बुरशी आहे. म्होरक्याचं काम करते, शंभर म्होरक्यांचं. फिनॉलं तोडते, अडसर मोडतो. उन्हाळ्यात थडग्यात ओतलीत तर पाऊस संपेपर्यंत नुसती हाडं उरतील."

"मग द्या."

"बस्त्याव, टेकडीवरचं पाणी उतरतं कुठे?"

हा प्रश्न मला विचारायची गरज नव्हती. त्या पाण्याच्या मार्गावर माझ्याच चार नळ्या होत्या. "काळबुडीत."

"आणि काळबुडीत पाणी सध्या किती खाली आहे?"

"माझ्या छातीएवढं."

"म्हणजे छातीएवढ्या मातीत हवा भरलेली आहे. पावसाबरोबर किल्ली तिथे गेली, की ती तुमच्या वडिलांवर थांबणार नाही. पाच हजार वर्षं खाईल. वायू जाईल तो जाईलच. पण माती म्हणजे तो साठाच. तो गेला की जमीन खाली बसणार. खालच्या वाडीतली घरं त्याच्यावरच उभी आहेत ना? आणि मोकळी झालेली सुकी माती एकदा पेटली, की जाळ दिसत नाही. खालच्या खाली वर्षानुवर्षं धुमसते."

"आणि काळबुडीत पाणी असतं तर?"

"तर काहीच झालं नसतं. किल्लीला प्राणवायू लागतो. पाणी काठोकाठ असेल तर ती तिथे पोचून मरेल, आणि जुनं कुलूप, पाण्याचं, परत लागलेलं असेल. मग अडसराची गरजही नाही." त्यांनी बाटली माझ्या हातात ठेवली. "माझ्याकडे राहिली तर कंपनी नष्ट करेल. तुम्ही ठेवा. आधी पाणी, मग किल्ली. उलटं करू नका."

"माय तोवर थांबायची नाही, मॅडम."

त्या खोक्याला चिकटपट्टी लावत राहिल्या, आधी लावलेल्या पट्टीवरच परत.

मी बाटली घरी आणून सांत अंतोनीच्या मूर्तीजवळ ठेवली. हरवलेल्या वस्तू शोधून देणारा संत. त्याला वाटलं असेल, ही तर कुणाची हरवलेलीच नाही.

मग पाणी आणायच्या मागे लागलो. भर पावसात नवनगरची टाकी ओसंडून वाहते आणि जास्तीचं पाणी समुद्रात सोडतात. शेवड्यांकडे गेलो. त्यांनी विचार केला, फोन केला, आणि म्हणाले, "पावसाळ्यापुरतं जास्तीचं पाणी तुम्ही वळवू शकता. साठ्याला इजा होत नसेल तर."

"पाण्याने साठ्याला इजा?" मी म्हणालो. "साठा पाण्यानेच झालाय."

"तसं अर्जात लिहा," ते म्हणाले.

जाकी अंकल, मी आणि गावात उरलेल्या चार म्हाताऱ्यांनी मिळून चर अडवायला घेतले. माडाचे ओंडके आडवे टाकले, मध्ये जांभ्याचे चिरे भरले, वर चिखल लिंपला. म्हाताऱ्यांची दमछाक बघून मला वाटलं, यांच्यापैकी कुणी इथेच गेलं तर त्यालाही ठेवायला जागा नाही. त्यांनाही ते ठाऊक होतं, म्हणून जपून काम करत होते.

पाणी आलं. एका सकाळी सगळी काळबुडी आरशासारखी चमकत होती. मी पँट वर करून धावत नळ्यांकडे गेलो. वर पाणी घोट्याएवढं. नळीत पट्टी सोडली. कोरडी. पुढच्या नळीत कोरडी. हाताने माती उकरली, तर वीतभर खाली भुसा. नुसता कोरडा, काळा भुसा.

मॅडमना फोन लावला. त्या म्हणाल्या, "पीट एकदा पूर्ण सुकलं की पाणी घेत नाही. मेणासारखं होतं. पाणी वरून निघून जातं."

"म्हणजे काळबुडीने रेनकोट घातलाय."

"हो. पाणी वर ठेवत राहायचं. हळूहळू झिरपतं. वर्षं लागतात, बस्त्याव."

"किती?"

"मला माहीत असतं तर मी अडसर केलाच नसता."

चार दिवसांत पाणी कडेने वाहून गेलं आणि जाताना एक बांधही घेऊन गेलं.

एव्हाना बाटलीची बातमी गावभर झाली होती. पहिली आली रेमेत आंटी. खालच्या वाडीत राहते, मायची जुनी मैत्रीण आणि तेवढीच जुनी शत्रू. तिचा नवराही वर टेकडीवर शाबूत होता.

"विरजणाएवढी दी," ती वाटी पुढे करून म्हणाली. "जास्त नको."

"आंटी, ही ओतली तर तुझं घर जमिनीत जाईल."

"माझा घर?" तिने वाटी मागे घेतली. "आणि तुझ्या बापाशीच्या खड्ड्यात वतलंस, तरी माझाच घर?"

"तुझंच. पाणी तुझ्या दारातून खाली जातं."

तिने वाटी पदराखाली घातली. मग आत मायच्या खाटेजवळ जाऊन बसली. दोघी गप्प बसलेल्या मी आयुष्यात पहिल्यांदा पाहिल्या.

मायचं जेवण तुटलं. पेज तेवढी घ्यायची. मला वाटायचं, उठावं, टेकडीवर जावं, बूच काढावं. कोण बघतंय? रेमेत आंटीला मुंबईत मुलगी आहे. वाडीतली बाकीची घरं अर्धी बंदच. जमीन काही एका दिवसात बसत नाही. दोनदा मी बाटली खिशात घालून चर्चपर्यंत गेलो. दोन्ही वेळा जाकी अंकल फाटकावर बसलेले होते. काही विचारायचे नाहीत. एकदा फक्त म्हणाले, "बापूस बरो आसा. घाई नाय त्येका."

दुसऱ्यांदा परत आलो तेव्हा मायने विचारलं, "वतलंस?"

"नाही."

"कित्या?"

मी सगळं सांगितलं. छातीएवढी हवा, पंगत, रेनकोट, खालची वाडी, धुमसणं. लपवलं काही नाही. ती डोळे मिटून ऐकत होती.

"म्हणजे माझी माती जावक व्हयी, तर रेमेताचा घर जावचा."

"हो."

"चाळीस वर्षां तिणा माझ्याकडसून साखर नेली. एकदा परत दिल्यान नाय." ती दम खात थांबली. "नाय ती नायच. पण घर?"

बाहेर पाचोळा वाजत होता. आमच्याकडे आता वाऱ्याला सळसळ नसते, खडखड असते.

"तो कसो दिसता रे?" तिने एकदम विचारलं.

"पप्पा? तसेच. जरा काळे झालेत."

"हासता?"

"मिशीमुळे कळत नाही."

"तसोच व्हतो," ती म्हणाली. "जितो आसतानाय कळा नाय." मग बराच वेळ तिचे ओठ नुसते हलत राहिले. मला वाटलं प्रार्थना करतेय. हिशोब करत होती. "मी आता त्येच्यापेक्षा म्हातारी दिसतंय, ना?"

"नाही."

"खोटा बोला नको. मरतंय मी." तिने माझं मनगट धरलं. हातात जोर अजिबात नव्हता. "ऐक. त्येच्या वरच घाल माका. मधी फळी नको. आणि तोंड खाली कर माझा."

"खाली?"

"चाळीस वर्षां त्येच्याकडे पाठ करून निजलंय. घोरा किती! आता घोरणा नाय मां?"

"नाही घोरत."

"मग झाला. थांबतंय मी थंय. काळबुडीत पाणी इला, काय मगे वत ती बाटली. दोघांयची एकदम माती जातली. पण पाणी घेवन ये हां तू! नायतर आमी थंय एकमेकांची तोंडां बघीत रवतलंव, आणि तो काय चांगलो दिसणारो माणूस नाय."

ती सप्टेंबरमध्ये गेली. सकाळी, पेज निवत ठेवली होती तेव्हा.

फादर मेल्विन तरुण आहेत, दोन वर्षांपूर्वीच आमच्याकडे आलेले. तोंड खाली म्हटल्यावर त्यांनी पुस्तक मिटलं. "हे कसं चालेल? शेवटच्या दिवशी सगळे उठतील तेव्हा तुझी आई कशी उठणार?"

"कुशीवर वळून," जाकी अंकल म्हणाले. "रोज तशीच उठी. कंबर दुखा तिची."

फादरनी पुस्तक उघडलं.

पप्पांच्या पेटीचं झाकण काढलं. आम्ही मायला दोन चादरींवर खाली सोडलं, हळूहळू, तोंड खाली. ती इतकी हलकी झाली होती की चादर ताणलीसुद्धा जाईना. शेवटी तिचं कपाळ पप्पांच्या मिशीला टेकलं. तिचे पांढरे केस त्यांच्या लाल केसांत गेले. जाकी अंकलनी पांढरं कापड आणलं होतं, हाडांसाठीचं. ते दोघांवर पांघरलं.

मग सगळे टोपल्या घेऊन पुढे आले, आणि थांबले. प्रत्येक टोपलीत काळबुडीची माती होती. सवयीने आणली होती. काय करतोय ते त्या क्षणी सगळ्यांना एकदम कळलं, आणि कुणाचाच हात पुढे होईना.

रेमेत आंटी पुढे झाली. तिने पदराखालून एक पुडी काढली आणि आधी ती पेटीत, मायच्या बाजूला ठेवली. साखर होती. मग तिने आपली टोपली उचलून खड्ड्यात रिकामी केली. तिच्यानंतर सगळ्यांनी केली. मीही केली. आमच्याकडे दुसरी माती नाही.

आठवड्याने शेवडे मायचं प्रमाणपत्र घेऊन आले. नऊ किलो. मी ते पप्पांच्या शेजारी लावलं.

त्याला आता बरीच वर्षं झाली. हेमांगी मॅडमचं पत्र अधूनमधून येतं. अडसराचा विषय जगात मागे पडला, म्हणतात, पण आमच्या मातीतून तो मागे पडलेला नाही. जाकी अंकल गेले. त्यांना पुरायला आम्ही नवनगरला नेलं, तिथल्या दफनभूमीत, साध्या लाल मातीत. ते एकटेच आमच्यातले नीट कुजले. गावात आता मी आणि रेमेत आंटी धरून सात घरं आहेत. पोफळीच्या बागा गेल्या. पाचोळा मात्र कुठे जात नाही.

दर पावसाळ्यात मी चर अडवतो. दर वर्षी एखादा बांध फुटतो, मी परत घालतो. नवनगरवाल्यांनी एकदा पाणी बंद केलं, मी दोन महिने त्यांच्या दारात बसलो, मग चालू केलं. वायूच्या पेट्या कंपनीने केव्हाच नेल्या. पट्टी माझीच आहे. बाटली सांत अंतोनीपाशी असते. रेमेत आंटी कधी आली की तिच्याकडे एकदा बघते आणि साखर मागते.

काल सगळ्या नळ्या बघून आलो. खालच्या अंगाच्या तीन नळ्यांत माती ओली लागली. नुसती ओलसर नव्हे, पिळली तर पाणी गळेल अशी. पाणी माझ्या छातीएवढं खाली होतं, ते वर येऊन आता कमरेएवढंच खाली आहे. या हिशोबाने मी म्हातारा होईपर्यंत घोट्याशी येईल.

हे सांगायला टेकडीवर गेलो. खड्ड्यापाशी उकिडवा बसलो आणि मायला म्हणालो, "कमरेपर्यंत आलंय."

हळूच म्हणालो. तिचे कान अजून शाबूत आहेत.